गव्याच्या शिंगाचं मोल

एका राज्यात एक राजा होता आणि त्याला टेकायला जागा नव्हती. हसू नका. वाड्याला खांब होते, सिंहासनाला पाठ होती, पलंगाला खूर होते, सगळं होतं. पण राजा ज्याला म्हणून टेके, ते मोडे. खांबाला टेकला, खांब दुभंगला. भिंतीला टेकला, भिंत बसली. असं का झालं ते आधी सांगतो, मग पुढचं. मधे कुणी हुंकार चुकवायचा नाही, नाहीतर मी उठून जाईन.

राजाचं नाव अरिंजय. त्याच्या राज्यात शिंगाच्या मुठीच्या काठीला मोठा मान. राजा गादीवर बसला की काठी घेई, आणि बाप म्हातारा झाला की लेक त्याला काठी आणून देई. पण काठी घ्यायची म्हणजे गेलो, उचलली आणि आलो, असं नव्हे. शिंग हवं ते आपल्या मौतीने मेलेल्या जनावराचं. ते विकत घ्यायचं, आणि मोल सांगायचं जनावराच्या धन्याने. ते मोल पैशात कधी नसे. कुणी म्हणे, माझ्या परसातली विहीर उपसून दे. कुणी म्हणे, माझ्या लेकीची वरात तुझ्या घोड्यावरून ने. मागतील ते द्यायचं, हूं की चूं करायचं नाही. मग लाकूड सावलीत वाळवायचं, आणि ज्याची काठी त्याला सरळ उभं करून मनगटापासून भुईपर्यंत माप घ्यायचं. या सगळ्याला वर्ष वर्ष लागे. म्हातारे वाट बघत आणि कुरकुरत, आणि काठी हातात आली की गावभर मिरवत.

अरिंजय तेव्हा तरुण होता, अंगात रग होती. तो म्हणाला, "मी राजा. जनावराच्या मरणाची वाट मी बघत बसू?" राजाला थांबा म्हणायची कुणाची छाती? राजा रानात शिरला. झऱ्याच्या वाटेवर एक गवा उभा होता, काळाभोर, थोरल्या शिंगांचा. राजाने बाण सोडला. गवा पडला. एक शिंग उतरवून होतं न होतं, तोच झाडीतून एक बाई चाचपडत आली. ती विरजा जोगीण, जन्माची आंधळी. रोज सकाळी गव्याच्या शिंगावर हात ठेवून ती झऱ्यावर पाण्याला जाई. तिने सवयीने हात पुढे केला. हाताला शिंग लागलं नाही. खाली वाकली तेव्हा रक्त लागलं.

"कोण आहेस?" तिने विचारलं.

"राजा अरिंजय. बाई, दुसरा गवा देतो. मागशील तेवढ्या गाई देतो."

"माझा आधार तू तोडलास," जोगीण म्हणाली. "जा. तू ज्याला टेकशील ते मोडेल."

ती ओरडली नाही, केस मोकळे सोडले नाहीत, काही नाही. हळूच बोलली. मोठ्याने दिलेल्या शापाची धग ओसरते म्हणतात. हळू दिलेला शाप वाईट.

राजाने काठी करवली. पहिल्यांदा टेकली आणि मधोमध मोडली. शिंग तेवढं उरलं, ते रेशमात गुंडाळून खजिन्यात कुलपाआड ठेवलं. मग खांब मोडला, सिंहासनाची पाठ मोडली. लोक म्हणाले, होईल काही उपाय. आणि एके दिवशी जिन्यात राजाचा पाय घसरला. मागून राणी चारुमती येत होती. बायकोच ती, तिने खांदा पुढे केला. राजा नको नको म्हणतो आहे तोवर भार पडला होता. राणी खाली बसली ती पुन्हा उठली नाही. तिची लेक इंदुलेखा नुकती पावलं टाकू लागली होती. ती खालच्या पायरीवर उभी राहून हे बघत होती.

त्या दिवसापासून राजाने कुणाला हात लावला नाही. भुईवर बसे, भुईवर निजे. भुई तेवढी त्याला झेले. भुई कुणाचे शाप ऐकत नाही. इंदुलेखा धावत आली की तो मागे सरके. गोष्टी सांगे त्या अंगणाच्या पलीकडून, मोठ्याने. पोरीला वाटे, मी बाबांना आवडत नाही. खरं काय ते तिला मोठी झाल्यावर कळलं, आणि मग ती इतकी रडली की दाई घाबरली.

वर्षं गेली. राजाचे गुडघे गेले. त्या राज्यात न्याय द्यायचा तो उभ्याने. राजाला उभं राहता येईना, म्हणून न्याय थांबला. बांधावरून भांडणारे भाऊ तसेच भांडत राहिले, शेतं पडीक राहिली, लग्नं मोडली ती मोडलीच. एका सकाळी इंदुलेखाने पाहिलं, बाबा रांगत रांजणाकडे चाललेत. राजानेही तिला पाहिलं.

"बघू नकोस, लेकी," तो म्हणाला.

"बाबा, मी तुम्हाला काठी आणते."

"मोडेल."

"न मोडणारी आणते. तुम्ही उभे राहिलेले मला बघायचेत. आणि तुमच्या जवळ बसायचंय, एकदा तरी."

राजाने मान फिरवली. त्याला रडू येत होतं आणि ते तिला दिसू द्यायचं नव्हतं. इंदुलेखा निघाली.

रानाच्या तोंडाशी एक धनेश बसला होता. धनेश म्हणजे तो मोठा पक्षी, चोचीवर शिंगासारखा टोप असलेला. तो म्हणाला, "कुठे निघालीस? लवकर सांग. बायको ढोलीत कोंडून घेऊन बसलीय, तिला घास न्यायचाय."

"विरजा जोगिणीकडे."

"आहे जिवंत. रांगत झऱ्यावर जाते. चल, दाखवतो. पण रिकाम्या हाताने नको, चार उंबरं वेच. म्हाताऱ्या माणसाकडे असं जातात का?"

गवा पडला होता त्या जागेवरच जोगीण बसली होती. तिच्या तळव्यांना आणि गुडघ्यांना घट्टे पडले होते. इंदुलेखाने उंबरं पुढे ठेवली.

"माय, मी अरिंजयाची लेक."

"माफी मागायला आलीस?"

"नाही. काठी विकत घ्यायला आले."

जोगिणीने तोंड वर केलं. ती म्हणाली, "इतक्या वर्षांत मला मोल कुणी विचारलं नव्हतं. शिंग आहे अजून?"

"खजिन्यात आहे."

"मग तीन कामं कर. शिंगाला त्याचं नाव आठवू दे. लाकडाला त्याच्या वेळेने वाळू दे. आणि बापाचं माप उभ्याने घे. तो पडला तर हात द्यायचा नाही. एवढं झालं की त्याला माझ्याकडे पाठव. मोल मी त्यालाच सांगेन."

इंदुलेखा परतली. खजिना उघडला तर आत पेट्या कोसळलेल्या, मोहरा मातीत मिसळलेल्या. शापाचं शिंग तिथे, म्हणून आत जायची कुणाला हिंमतच नव्हती. मधे रेशमाची गुंडाळी. माणसं अशीच. मोलाची वस्तू म्हटली की गुंडाळायची आणि कुलूप घालायचं. शिंगाला माणसाचा तळहात लागतो, नाहीतर ते सुकतं. हे शिंग सुकून तडकलं होतं, कडेने किडीने खाल्लं होतं. रेशीम सोडताच ते म्हणालं, "तहान."

तिने ते उन्हात ठेवायला नेलं, कीड जाईल म्हणून. खिडकीवरून धनेश ओरडला, "अगं अगं, ऊन नको! उरलंसुरलंही तडकेल. कडुनिंबाच्या पाल्यात ठेव. आणि तिळाचं तेल घे, चुलीवर नको, तळहातावर ऊन कर. आणि चोळ. चोळत राहा."

इंदुलेखा चोळत राहिली. शिंग तेल पीत राहिलं. तिच्या तळव्यांची सालं निघाली, पुन्हा आली. भेगा बुजल्या, आतून काळी चकाकी वर आली. दासी म्हणत, बाईसाहेब, आम्ही चोळतो. ती देत नसे. एका सकाळी शिंग म्हणालं, "सावळ्या. माझं नाव सावळ्या." आणि जरा थांबून त्याने विचारलं, "म्हातारी पाणी प्याली का?"

इंदुलेखा शिंग हातात घेऊन उठली. ती अंगणात गेली आणि पलीकडे बसलेल्या बापाला तिने हे जसंच्या तसं सांगितलं. राजाने कपाळ भुईला टेकवलं. मग म्हणाला, "मी त्याला जनावर समजलो."

दुसरं काम लाकडाचं. ती तिवसाच्या झाडाकडे गेली. तिवसाचं लाकूड चिवट, वाकेल पण मोडणार नाही. झाड म्हणालं, "फांदी घे. सावलीत टांग. चारी ऋतू तिच्यावरून जाऊ देत. माझं पाणी माझ्या मनाने जाईल."

तिने फांदी देवडीच्या आढ्याला टांगली. उन्हाळा गेला, पाऊस गेला. इंदुलेखा रोज जाऊन फांदीला बोट लावून बघे. अजून थंड, अजून ओली. मग थंडी आली आणि राजाला ताप आला. वैद्य म्हणाला, "या थंडीतून निघणं कठीण आहे." झालं. पोरीचा धीर सुटला. तिने फांदी खाली काढली आणि शेगडीजवळ धरली, उलटसुलट केली, वाळवली. वरून वाळलीही. सकाळी बघते तर फांदी कमानीसारखी वाकलेली आणि उभी चिरलेली. बापाने मरणाची वाट पाहिली नव्हती, लेकीने झाडाची पाहिली नाही. रक्त कुठे जातंय!

ती रडत झाडाकडे गेली. झाड म्हणालं, "दुसरी फांदी घे. गेलेलं वर्ष मात्र माझ्याकडे नाही."

राजा त्या थंडीतून निघाला. वैद्यांचं काय, ते बोलतात. पण निघाला तो अर्धा होऊन. इंदुलेखाने अंगणाच्या अलीकडून सांगितलं, "बाबा, मी घाई केली. सगळं नासवलं."

राजा हसला. आवाज उरला नव्हता, तरी हसला. "माझीच आहेस," तो म्हणाला.

पुन्हा उन्हाळा, पाऊस, थंडी. या खेपेस तिने फांदीकडे बघणंच सोडलं. बापाकडे बघे, तो दिवसेंदिवस हलका होत चालला होता आणि ते थांबवणं तिच्या हातात नव्हतं. अखेर फांदी वाळली. बोटाच्या पेराने वाजवली की खणखणीत बोलू लागली.

तिसरं काम मापाचं. प्रधान म्हणाला, "महाराज, आडवं पडून माप द्यावं. भुई धोका देणार नाही."

राजा म्हणाला, "आडव्या माणसाचं माप तिरडीला घेतात, प्रधानजी. मी उभा राहतो."

तो गुडघ्यांवर आला. हात भुईला टेकून वर उठू लागला, कोसळला, पुन्हा उठू लागला. इंदुलेखा शेजारी दोरा घेऊन उभी होती. राजा उभा राहिला. पाय लटलट कापत होते. दोऱ्याचं टोक त्याने आपल्या हाताने मनगटाशी धरलं, तिने दुसरं टोक भुईला नेऊन गाठ मारली आणि म्हणाली, "झालं, बाबा." तिचं बोलणं पुरं होतंय तोवर राजा पडला. कपाळ फुटलं. इंदुलेखाने आपले हात पाठीमागे घट्ट आवळून धरले होते. आपला बाप डोळ्यांदेखत पडतो आहे आणि आपण हात द्यायचा नाही, यापरतं कठीण काम कुणाला सांगू नये.

"हात दिला नाहीस ना?" राजाने भुईवरूनच विचारलं.

"नाही, बाबा."

"शाब्बास."

मग दोघं तिथेच बसून रडली, मधे हातभर अंतर ठेवून.

काठी तयार झाली. मूठ लाखेने बसवली, भुईच्या टोकाला पितळी शेंबी ठोकली. पण राजाने ती टेकली नाही. "मोल दिलं नाही तोवर ती माझी नाही," तो म्हणाला. "एकदा न देता घेतली, तेवढं पुरे."

आता रानापर्यंत जायचं कसं? घोड्यावर बसणं म्हणजे टेकणंच. पालखीत बसणं म्हणजे भोयांच्या जिवावर उठणं. राजाने काठी पाठीला बांधली आणि रांगत निघाला. भर सकाळी, राजरस्त्याने. इंदुलेखा शेजारून चालत होती. लोक दुतर्फा उभे राहिले. कुणी तोंड फिरवलं, कुणी पागोटं काढलं. बायांनी पुढे धावून वाटेवरचे खडे वेचले. राजाने मान वर केली नाही. गाव संपलं, माळ संपला, रान लागलं. धनेश फांदीफांदीने पुढे चालला होता.

जोगीण झऱ्याच्या वाटेवर रांगत चालली होती. तिने कान दिला.

"कोण रांगतंय?"

"अरिंजय. मोल विचारायला आलो."

"मला झऱ्यावर ने," जोगीण म्हणाली. "सावळ्या नेत होता तसं. एवढंच मोल. खांदा दे."

"बाई, माझ्यापाशी येऊ नकोस. माझ्यामुळे माझी बायको गेली."

"तू टेकलास तर मोडेल, असं मी म्हटलं होतं. मी टेकले तर काय होईल, ते कुठे म्हटलं होतं? खांदा दे."

राजाने पाठीला बांधलेली काठी सोडली, भुईला लावली. शिंगावर त्याने हात ठेवला. जोगिणीने चाचपत त्याच्या खांद्यावर हात ठेवला. राजा उठू लागला. काठी करकरली. इंदुलेखाने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा दोन म्हातारी माणसं उभी होती आणि काठी शाबूत होती.

ती दोघं पावलापावलाने झऱ्यावर गेली. राजाने ओंजळ भरून दिली, जोगीण प्याली. पुष्कळ प्याली. मग राजाने तिला तसंच धरून परत आणलं, जागेवर बसवलं.

"मोल पावलं," ती म्हणाली. "काठी तुझी. शाप गेला."

राजाचा विश्वास बसेना. त्याने भीत भीत उंबराला पाठ लावली. उंबर उभाच. राजा लहान मुलासारखा रडला. मग त्याने हात पसरला आणि म्हणाला, "इंदू, ये."

ती धावली. किती मोठी झाली होती, तरी तशीच धावली. या वेळी तो मागे सरकला नाही. पण तिच्या खांद्यावर हात ठेवतानाही त्याने नुसती बोटं ठेवली, भार म्हणून दिला नाही. इतक्या वर्षांची भीती एका शब्दाने कशी जाईल?

दोघं घराकडे निघाली. एका हातात काठी, दुसरा हात लेकीच्या खांद्यावर. माळावर आल्यावर राजा थांबला.

"बसता का, बाबा?"

"नको. उभं राहू दे. बरं वाटतंय." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुझी आई एवढीच उंच होती. माझ्या कानापर्यंत यायची. तुला कधी सांगितलं नाही."

"आता सांगा."

"सांगतो," राजा म्हणाला, आणि त्याने तिच्या खांद्यावर मान टेकली. भार वाढला. अजून वाढला. काठी हातातून सुटून गवतात पडली. "बाबा," ती म्हणाली, आणि उत्तर आलं नाही. राजाचा सगळा भार आता तिच्या अंगावर होता, जिवंत माणूस देत नाही इतका. ती मोडली नाही. त्याला तसंच धरून ती उभी राहिली, नगरातून माणसं येईपर्यंत. माणसं आली, हात पुढे करू लागली, तर म्हणाली, "थांबा जरा. मला आत्ताच मिळालेत."

इंदुलेखा गादीवर बसली. उभ्याने न्याय देऊ लागली. बांध ठरले, शेतं पेरली गेली, राज्याची घडी बसली. लोक म्हणत, राणीसाहेब सुखी आहेत. सुखी कसल्या? शेगडीपाशी घालवलेलं ते वर्ष तिला कधी विसरता आलं नाही. ते हाती असतं तर बाबा घरापर्यंत पोचले असते, आईची गोष्ट सांगून झाली असती. हे तिने कुणाजवळ बोलून दाखवलं नाही; मी सांगतोय म्हणून तुम्हाला कळलं.

प्रधान म्हणाला, काठी रेशमात गुंडाळून देवघरात ठेवावी. राणीने ते मानलं नाही. काठी तिने जोगिणीला नेऊन दिली. मापाला जरा लांब होती, जोगिणीने चालवून घेतली. दर अवसेला राणी तेलाची वाटी घेऊन रानात जाई, मूठ चोळून देई, आणि म्हातारी पाण्याला जाऊन येईपर्यंत तिथे बसून राही.

झाली गोष्ट. माझा घसा कोरडा पडला आणि तुमचे पाय आखडले असतील. उठा आता. घरी कुणी काठी टेकणारं माणूस असेल तर जाऊन तिची शेंबी बघा, झिजली असेल.